तृप्तीच्या नावाची गाडी

दिघोरीच्या बसथांब्यामागं धम्मदीपचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर टिनाचं छप्पर आणि मधोमध सागाची एक आडवी बल्ली, तिला टांगलेली चेनपुल्ली. ह्या बल्लीखाली त्यानं आसपासच्या पंधरा-वीस गावांच्या गाड्या जगवल्या. बॉनेट न उघडता, नुसतं शेजारी उभं राहून, आवाजावरून तो इंजिनाचा रोग सांगायचा. माणसांच्या बाबतीत मात्र हे कान पार बहिरे होते, आणि घरच्या माणसांच्या बाबतीत तर विचारूच नका.

घरचा माणूस म्हणजे अनुप. नात्यानं मावसभाऊ, पण ते नावापुरतंच. त्याची आई वारली तेव्हा तो चार वर्षांचा होता. धम्मदीपच्या आईनं, विमलाबाईनं, बहिणीचं ते लेकरू कडेवर घेतलं आणि दिघोरीला आणलं. तेव्हापासून एका ताटात जेवण, एका पांघरुणात झोप. अनुप तिला मोठीमाय म्हणायचा. गावात नव्यानं आलेल्या माणसाला मुद्दाम सांगावं लागे, की बाईला पोटची दोनच, धम्मदीप आणि तृप्ती; तिसरा बहिणीचा आहे. बोलण्यात अनुपचा हात धरणारा कोणी नव्हता. तो गूळ लावून बोलायचा आणि समोरचा माणूस बोटं चाटत घरी जायचा.

आता तृप्तीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. तृप्ती बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच पोटात दुखू लागलं आणि डॉक्टर म्हणाले, भंडाऱ्याला न्या. अनुपकडे तेव्हा एक जुनी आठशे सीसीची, कार्बोरेटरवाली कार होती. तिला सगळे नुसतं 'आठशे' म्हणत. त्या आठशेत तृप्ती, तिचा नवरा, विमलाबाई आणि शेजारची बेबीबाई एवढी माणसं कोंबून अनुप निघाला. वैशाखाचं ऊन होतं. साकोलीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली, हेडचं गॅसकेट, म्हणजे इंजिनातलं पाणी अडवणारी पातळ पट्टी, उडालं आणि गाडी जागच्या जागी बसली. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला, आईच्या मांडीवर, तृप्ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

त्या गॅसकेटचं धम्मदीपला ठाऊक होतं. आठच दिवस आधी अनुपनं गाडी दाखवली होती. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते. पण बल्लीखाली कोणाचा तरी ट्रॅक्टर उघडून पडला होता, त्याची घाई होती, आणि धम्मदीप म्हणाला होता, "एक महिना काढते अजून." हे वाक्य दोघांनाच माहीत होतं. आईला सांगायचं धाडस धम्मदीपला झालं नाही. अनुपनंही ते कधी तोंडावर आणलं नाही, आणि न बोलताच त्यानं ह्या भावाला जन्माचा मिंधा करून ठेवलं.

वर्ष सरलं आणि एके दिवशी अनुप गॅरेजात येऊन स्टुलावर बसला.

"भाऊ, ह्या आठशेत दम नाही. पाच माणसं बसले का हाफते. हिच्यात तेराशेचं इंजिन बसवून देशीन का?"

"कायले? शर्यतीत पळवतं का?"

"पेशंटसाठी. गावात कोणाची बाई अडली त का ट्रॅक्टरवर न्यावं लोकायनं? गाडी मी चालवतो. काचेवर ताईचं नाव टाकू. ताईसारखं दुसरीचं होऊ नये, भाऊ."

धम्मदीपच्या हातातला पाना खाली आला. मागं खांबाशी विमलाबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. आता ह्यावर नाही म्हणणारा माणूस आणायचा कुठून?

इंजिन अनुपनंच आणलं, नागपूरच्या भंगारातून. उलटलेल्या मोठ्या कारचं होतं, तेराशे सीसीचं, तेही कार्बोरेटरवालं. तसं धम्मदीपनंच बजावलं होतं. कॉम्प्युटरवालं इंजिन त्याला नको होतं. ज्याला पाना लागत नाही त्याचा भरवसा धरू नये, असं त्याचं म्हणणं. पुढचे तीन आठवडे त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. लहान घरात मोठा पाहुणा यावा तसं झालं होतं. इंजिन नाकात मावेना. बॅटरी मागं नेली, रेडिएटर मोठा बसवला, पुढची पट्टी कापून पुन्हा जोडली, एक्सल लेथवर नेऊन कापूनजोडून घेतले, ब्रेकही मोठ्या गाडीचे लावले. सगळं जमलं, पण इंजिन ज्यावर बसायचं ते माउंटिंगचे ब्रॅकेट जमेनात. जुने पातळ होते आणि बाजारातलं लोखंड म्हणजे नुसता पत्रा. एक ब्रॅकेट तर चालू करताच वाकलं.

तेव्हा विमलाबाई म्हणाली, "तुह्या बाबाच्या बंडीची धाव हाये ना घरामागं. ते पाय बरं."

मंगरूनं, म्हणजे धम्मदीपच्या बापानं, हयातभर बैलबंडीवर धानाचे भारे वाहिले होते. तो गेला, मग बैल गेले, बंडीच्या लाकडाची वाळवीनं माती केली. उरल्या त्या चाकांभोवतीच्या दोन लोखंडी धावा. भंगारवाले दर वर्षी मागायचे आणि विमलाबाई दर वर्षी त्यांना वाटेला लावायची. नवऱ्याची तेवढीच वस्तू घरात होती. त्यातली एक तिनं स्वतः खुंटीवरून काढून लेकाच्या हातात दिली. धम्मदीपनं ती लोहाराच्या भट्टीवर लाल केली, कापली, वाकवली, भोकं पाडली. त्या दोन ब्रॅकेटांवर तेराशेचं इंजिन असं बसलं, की जणू तिथंच जन्मलं होतं.

अनुपच्या आणखी मागण्या होत्याच. मागची सीट काढ, पेशंट आडवी झोपली पाहिजे. काचेला काळा पडदा लाव, बाईमाणसाची लाज असते. मागच्या स्प्रिंगा जाड टाक.

"एवढ्या जाड?" धम्मदीप म्हणाला. "हे त तीन क्विंटल उचलतीन. धानाचे पोते नेतं का?"

"तुले आपले लोकं मालूम नाही का? पेशंट एक राहते अन् संगं सारा मोहल्ला चढते."

हे खोटं नव्हतंच. धम्मदीप खो खो हसला आणि त्यानं स्प्रिंगा बसवल्या. त्या हसण्याची त्याला पुढं फार लाज वाटली.

गाडी तयार झाली तेव्हा ती विहारासमोर उभी केली. पेंटरनं मागच्या काचेवर निळ्या रंगात ठसठशीत 'तृप्ती' लिहिलं. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं, तेव्हा सगळ्यांत वरचा आवाज अनुपचा होता. विमलाबाईनं कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं. ह्याच बाईनं दहा वर्षांपूर्वी गावातल्या बायका घेऊन मोहाच्या भट्ट्या फोडल्या होत्या.

पहिल्या दोन महिन्यांत गाडीनं नाव काढलं. तुलाराम ट्रॅक्टरवाल्याच्या आईला, पार्वताबाईला, साप चावला. अनुपनं म्हातारीला चहा निवायच्या आत लाखांदूरच्या दवाखान्यात नेलं. आणखी दोघी बाया वेळेत पोचल्या. गाडी रस्त्यानं गेली की विमलाबाई हातातलं काम टाकून दारात यायची आणि निळी अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. धम्मदीपलाही रात्री झोप लागू लागली.

मग गाडी दिसेनाशी झाली. विचारलं, की कधी भाडं होतं, कधी नागपुरात पेशंट सोडायला गेलो होतो. दर वेळी कारण नवं आणि चेहरा तोच भोळा. धम्मदीपला खरंच वाटायचं. भावाच्या बोलण्यात खोट काढायची म्हणजे आधी आपल्या मनात पाप असावं लागतं, असं तो समजायचा. असली समजूत करून घेणाऱ्याला देव तरी काय करणार!

कार्तिकात धान कापणीच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमाराला, बेबीबाई रडत गॅरेजात आली. तिची सून रुपा अडली होती. नववा लागलेला, आणि कळा थांबता थांबत नव्हत्या. विमलाबाईनं लगेच अनुपला फोन लावायला सांगितला.

"मी नागपूरले हाओ ना, मोठीमाय," पलीकडून आवाज आला. "उद्या येतो."

शेवटी लाखांदूरला न्यायला तुलारामनं धानाची ट्रॉली रिकामी केली. तणसाचा जाड थर अंथरला, वर चादर टाकली. रुपाला त्यावर झोपवून एका बाजूनं बेबीबाई आणि दुसऱ्या बाजूनं विमलाबाई बसली. धम्मदीप ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. ट्रॅक्टर चालणार किती? त्यात खड्डा आला, की रुपा किंचाळायची आणि विमलाबाई डोळे मिटून घ्यायची. तिला कोणता रस्ता आठवत होता, हे धम्मदीपला न सांगता कळत होतं.

अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला. आधी आवाजच आला. धम्मदीपनं मान वळवायच्याही आत ओळखला. तिसऱ्या टॅपेटची बारीक टिकटिक, पाय दिला की कार्बोरेटरनं घेतलेला तो मोठा श्वास. हे इंजिन दुनियेत एकच होतं.

"आला! अनुप आला व आई! आपलीच गाडी हाये!"

तो मडगार्डवर उभा राहिला आणि दुपट्टा काढून हलवू लागला. तुलारामनं ट्रॅक्टर बाजूला घेतला. बेबीबाई तर सुनेला उठवूनच बसवायला लागली. धम्मदीपच्या मनात आलं, खोटं बोलला असेल, पण कळल्यावर आला तर खरं. लेकरू शेवटी आपलंच आहे.

गाडी जवळ आली. तीन क्विंटलच्या स्प्रिंगा घातलेली गाडी मागून जमिनीला टेकत होती. तिनं हॉर्न दिला, साइड मागायचा हॉर्न. ट्रॉलीला लागून आली तेव्हा अनुपचा चेहरा धम्मदीपला हातभर अंतरावरून दिसला. अनुपनं त्याला पाहिलं. ट्रॉलीत पाहिलं. मोठीमाय दिसली, तिच्या मांडीवर मान टाकलेली रुपा दिसली. एक क्षण गाडीचा वेग पडला.

मग त्यानं गिअर तिसऱ्यात टाकला आणि पाय दिला. तेराशेनं गाडी अशी उचलली, की धुरळा ट्रॉलीत आला. ही ओढ त्या इंजिनाला धम्मदीपनंच दिली होती, स्वतः जेट बदलून, चार दिवस कार्बोरेटर लावत बसून. निळी अक्षरं लहान होत होत वळणाआड गेली.

"आपलीच होती ना रे ते?" विमलाबाईनं विचारलं.

धम्मदीपच्या हातात दुपट्टा तसाच होता.

रुपा निभावली. दवाखान्याच्या पायरीवरच तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. बेबीबाई आनंदानं रडत होती. बाहेर चहाच्या टपरीवर धम्मदीप तुलारामला म्हणाला, "थांबला काहून नसन तो?"

तुलारामनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हा वेड पांघरून पेडगावला जातो आहे की खरंच भोळा आहे, हे त्याला ठरवता येईना.

"भाऊ, खरंच मालूम नाही तुमाले? वडस्याले पेट्या जातेत त्या गाडीतून. हद्द ओलांडली का गडचिरोली जिल्हा, तिकडं दारूबंदी हाये. इकडची बाटली तिकडं दुपटीनं जाते. इंजिन मोठं हाये, कोणाच्या हाती लागत नाही. अन् मांगं पडदा, ताईचं नाव. पेशंटगाडी म्हणून कोणी अडवतही नाही."

"तुमी सांगतलं काहून नाही मले?"

"आता का सांगू?" तुलाराम खाली पाहत म्हणाला. "आमाले वाटे, तुमचाही हिस्सा असन. इंजिन तुमीच त बसवलं."

धम्मदीपनं चहाचा ग्लास टपरीवर ठेवून दिला. भावानं फसवलं ते एक. पण सगळ्या रस्त्यानं आपल्याला चोराचा जोडीदार समजावं, आणि तेही बहिणीच्या नावावर! त्याला रडूही येईना. मागं वळून पाहिलं तर विमलाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ट्रॉलीत जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, अनुप गाडी घेऊन गॅरेजात हजर. लाजलज्जा नावाला नाही. कशाला आला होता, माहीत आहे? हेडचे बोल्ट कसायला! तृप्ती गेल्यापासून धम्मदीपचा दंडक होता, की हजार किलोमीटर झाले की गाडी आणायची, हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे, गॅसकेट पाहायचं. बाकी सगळे शब्द मोडले, पण हा एक शब्द अनुपनं इमानानं पाळला होता. त्याचं पोट आता त्या गॅसकेटवरच होतं.

धम्मदीपनं मागचा पडदा सारला. भपकारा आला. कोपऱ्यात फुटलेल्या बाटलीच्या काचा होत्या, जिथं रुपाचं डोकं असायला हवं होतं तिथं.

"थांबला काहून नाही बे?"

"थांबून का करू? पेट्या रस्त्यावर उतरवू?" अनुपचा गूळ आज संपला होता. "पोरगी झाली ना बराबर? मंग? अन् मीनं तीन पेशंट नेले ते नाही दिसत तुले?"

"तुले ताईच्या नावाची शरम नाही वाटली?"

"ताईचं नाव तू नको काढू." अनुप जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "स्प्रिंगा तूनंच टाकल्या. तीन क्विंटल म्हणत होता ना? आता सत्यवान बनून राहिला. चुपचाप बोल्ट कस. नाही त मोठीमायले सांगतो, गॅसकेट कोणं महिनाभर चालवाले सांगतलं होतं ते."

दीड वर्ष ह्यानं ते मनात जपून ठेवलं होतं. धम्मदीप त्याला मोठं मन समजत होता. आज कळलं, की वेळेला उपयोगी पडावं म्हणून वस्तू माळ्यावर ठेवतात, तसं ते ठेवलं होतं.

"काय सांगतं रे मले?"

विमलाबाई खांबाशी उभी होती. अनुपनं ओठ मिटले आणि धम्मदीपकडे पाहिलं. आताही सौदा करायची त्याची तयारी होती. डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं.

धम्मदीपनंच सांगितलं. बुडबुडे येत होते ते, ट्रॅक्टरची घाई होती ते, आणि जे म्हणाला होता ते, शब्दाला शब्द. सांगताना त्यानं आईकडे पाहिलं नाही, जमिनीवरच्या ऑइलच्या डागाकडे पाहत राहिला. त्याला वाटलं होतं ती ओरडेल, तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

विमलाबाईनं कार्बोरेटर धुवायच्या डब्यातलं फडकं उचललं, पेट्रोलमध्ये बुडवलं आणि गाडीमागं गेली. निळा रंग पसरला, मग ओघळला. शेवटचं अक्षर जाईपर्यंत ती पुसत राहिली. मग म्हणाली, "धाव काढून दे."

"मोठीमाय, गाडी माई हाये," अनुप म्हणाला. "कागदं माया नावावर हायेत."

"गाडी तुही. इंजिन तुहं. धाव माया घरधन्याची हाये. मीनं पेशंटच्या गाडीले देल्ती."

धम्मदीपनं चेनपुल्ली ओढली, इंजिनाला साखळी घातली, बोल्ट सोडले. अनुप आधी ओरडला, मग गोड बोलला, मग लहानपणीसारखं "मोठीमाय, मोठीमाय" करत तिच्या पायाशी बसला. तिनं पाय मागं घेतला. शेवटी तो शिव्या देत बसथांब्याकडे निघून गेला. इंजिन बल्लीला लोंबकळत राहिलं आणि त्याखालून काळ्या, जड लोखंडाचे दोन तुकडे निघाले.

विमलाबाईनं ते पदरात घेतले. वजनानं पदर खांद्यावरून ओढला गेला, बाई एका बाजूला कलली. धम्मदीप पुढं झाला.

"जड हाये आई. दे, मी आणतो घरी."

तिनं त्याचा हात बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "माहा हात एक महिना काढते अजून."

आणि ती एकटीच घराकडे चालू लागली. धम्मदीप बल्लीखाली उभा राहिला. हातातला पाना कुठं ठेवायचा, हे त्याला किती तरी वेळ सुचलं नाही.